बालश्वास : हेतू, परीक्षण आणि चिकित्सा

प्रास्ताविक :-

सोलापूर-पुणे महामार्गालगतच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत आणि तिच्या आसपासच्या चिंचोळी काटी, पाकणी, कोंडी या गावांत कामगारांची वस्ती मोठी आहे. पत्र्याच्या एक-दोन खोल्यांत राहणाऱ्या या कुटुंबांतील बालके चिकित्सालयात येतात ती बहुधा एकाच तक्रारीसाठी. माता सांगते, ‘बाळाची छाती भरली आहे’, ‘घरघर लागली आहे’, ‘पोट उडते आहे’ किंवा ‘डबा झाला आहे’. हे चारही शब्द वैद्याने सारख्याच अर्थाने घेऊ नयेत. ‘घरघर’ पुष्कळदा नाकातील वा घशातील कफाची असते आणि नाक मोकळे होताच थांबते. ‘पोट उडणे’ म्हणजे श्वासाची गती वाढणे, आणि ते फुप्फुसाच्या ज्वराचेही लक्षण असू शकते. ‘डबा’ या शब्दाने उत्तरकालीन ग्रंथांतील उत्फुल्लिकेचे, म्हणजे आध्मानासह होणाऱ्या श्वासाचे स्मरण होते. छाती भरण्यात कफ असेल, श्वास असेल किंवा दोन्ही असतील.

प्रस्तुत लेखात श्वास सोडताना छातीतून येणाऱ्या शिटीसारख्या सूं-सूं आवाजाचा, म्हणजे खऱ्या अर्थाने बालश्वासाचा विचार केला आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे की, हा आवाज लक्षण आहे, व्याधीचे नाव नव्हे. म्हणून वैद्याने प्रथम श्वास मोजावा, मग हेतू शोधावा आणि त्यानंतरच औषध योजावे. हा क्रम उलटला तर दोन प्रकारची हानी होते : तातडीने रुग्णालयात न्यावयाचे बालक चूर्णाच्या पुडीवर घरी राहते, आणि घरातील हवेने आजारी झालेले बालक वर्षानुवर्षे औषध घेत राहते.

शास्त्रीय विवेचन :-

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक आणि क्षुद्र असे श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. बालकांत आपणांस प्रामुख्याने तमकश्वासाची लक्षणे दिसतात. प्रतिश्यायापासून आरंभ, गळ्यात व छातीत घुर्घुर आवाज, आडवे झाल्यावर कष्ट व बसल्यावर आराम, ढगाळ हवा, शीत जल आणि पूर्वेचा वारा यांनी वृद्धी, उष्ण उपचाराने उपशय हे वर्णन आजही अक्षरशः जुळते. कफाने प्राणवह स्रोतसांचा मार्ग रोधला की वायू प्रतिलोम होतो. या व्याधीचे उद्भवस्थान पित्तस्थान, म्हणजे आमाशय मानले आहे. म्हणूनच श्वासी बालकाचा आहार व अग्नी यांकडे दुर्लक्ष करून केवळ छातीवर उपचार करणे अपुरे ठरते.

तमक हा याप्य असला तरी नवोत्पन्न असताना साध्य होतो, असेही आचार्यांचे मत आहे. बालकाचा श्वास बहुधा नवीनच असतो. त्यामुळे या वयात हेतू सापडल्यास लाभ सर्वांत अधिक मिळतो.

बालकांत हा विकार इतक्या सहज का उद्भवतो, याचे उत्तर त्याच्या श्वासमार्गाच्या आकारात आहे. नळीचा व्यास निम्मा झाला तर तिच्यातून वाहणाऱ्या हवेस होणारा रोध सुमारे १६ पट वाढतो. प्रौढाच्या रुंद नलिकेत जो शोथ किंवा कफ केवळ खोकला उत्पन्न करतो, तोच शिशूच्या अरुंद नलिकेत श्वास उत्पन्न करतो. शिवाय शिशूच्या बरगड्या मऊ असतात व श्वसनाचे स्नायू लवकर थकतात.

परीक्षण : प्रथम श्वास मोजावा :-

बालक शांत असताना, शक्यतो मातेच्या मांडीवर असताना, अंगावरील कपडा वर करून छाती-पोटाची हालचाल घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावी. रडणाऱ्या बालकाची गणना ग्राह्य धरू नये. जागतिक आरोग्य संघटनेने ठरविलेल्या मर्यादा प्रत्येक वैद्याने आपल्या मेजासमोर लिहून लावाव्यात. दोन महिन्यांच्या आतील शिशूत मिनिटाला ६० किंवा अधिक, २ ते १२ महिन्यांत ५० किंवा अधिक आणि १ ते ५ वर्षांत ४० किंवा अधिक श्वास असतील तर ते जलद श्वसन होय.

पुढीलपैकी एकही लक्षण असल्यास औषधाचा प्रयोग न करता बालकास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

१) श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, नाकपुड्या फुलणे, कण्हणे.
२) ओठ वा जीभ निळसर होणे. ऑक्सिमीटर असल्यास प्राणवायूचे प्रमाण ९४ टक्क्यांखाली दिसले तर पाठवावे. ९० च्या खाली ती निकड समजावी.
३) स्तनपान वा पेय न घेता येणे, नेहमीच्या निम्म्याहून कमी घेणे, प्रत्येक वेळी उलटी होणे.
४) सुस्ती, आचके किंवा श्वास मध्येच थांबणे.
५) शांत असतानाही श्वास आत घेताना घोगरा आवाज येणे. हा अवरोध घशाजवळचा असतो.
६) सहा महिन्यांखालील शिशूत घरघरीबरोबर जलद श्वसन असणे.

सूं-सूं आवाज कमी होणे हे प्रत्येक वेळी सुधारणेचे चिन्ह नसते. थकलेल्या बालकात हवाच आत-बाहेर होत नसल्याने छाती शांत होते. अशा वेळी आवाज थांबला म्हणून समाधान मानणे घातक ठरते. महामार्गावरून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून सोलापूरच्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात अथवा जवळच्या बालरोग रुग्णालयात बालकास पाठवावे. त्याला मांडीवर उभे धरावे, आडवे झोपवू नये.

काश्यपसंहितेतील वेदनाध्याय न बोलणाऱ्या बालकाच्या चेष्टांवरून व्याधी ओळखण्यासाठीच लिहिला गेला आहे. श्वास मोजणे हे त्याच परंपरेतील कर्म होय. त्यासाठी वेगळ्या पदवीची आवश्यकता नाही, घड्याळाची आहे.

सापेक्ष निदान :-

दोन वर्षांखालील बालकास सर्दीनंतर दोन-तीन दिवसांनी प्रथमच श्वास लागला तर सूक्ष्म श्वासनलिकांचा विषाणुजन्य शोथ संभवतो. पावसाळ्याच्या अखेरीस व हिवाळ्यात हे रुग्ण वाढतात. हा विकार तिसऱ्या ते पाचव्या दिवशी बळावतो व नंतर उतरतो, तर खोकला दोन-तीन आठवडे राहू शकतो. हे मातेस पहिल्याच दिवशी सांगावे. म्हणजे तिसऱ्या दिवशी ती घाबरून वैद्य बदलत नाही, आणि खरोखर धोका वाढल्यास वेळेवर परतते.

बालक पूर्णपणे निरोगी असताना अकस्मात ठसका लागून श्वास सुरू झाला आणि आवाज एकाच बाजूस अधिक असला, तर श्वासमार्गात शल्य अडकल्याचा विचार प्रथम करावा. आपल्या जिल्ह्यात शेंगांची चटणी घरोघरी होते. अंगणात शेंगा, फुटाणे, चिंचोके पसरलेले असतात. दीड वर्षाचे एक बालक चार दिवसांच्या ‘कफा’साठी आमच्याकडे आणले गेले. ज्वर नव्हता, सर्दी नव्हती, उजव्या बाजूस हवा कमी येत होती. शेंगा फोडत असताना ठसका लागल्याचे आजीस विचारल्यावर आठवले. तत्काळ पाठविल्यानंतर दुर्बिणीने शेंगदाण्याचा तुकडा निघाला. शेंगदाणा क्ष-किरण चित्रात दिसत नाही. त्यामुळे चित्र निर्दोष आले तरी इतिहास बलवान मानावा. चार वर्षांखालील मुलास अख्खा शेंगदाणा देऊ नये, हा पथ्याचा भाग समजावा.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, वजन न वाढणे आणि घरात क्षयाचा रुग्ण असणे यांवरून क्षयाची तपासणी करून घ्यावी. दूध पिताना घाम येणे, दम लागून मध्येच थांबणे व वजन न वाढणे यांवरून हृद्रोगाची शंका घ्यावी. दूध पाजून लगेच आडवे केल्यावर प्रत्येक वेळी श्वास व उलटी होत असेल तर दोष आमाशयाकडे पाहावा. बाटली तोंडात देऊन झोपविण्याची सवय असल्यास ती मोडावी.

हेतू : रज व धूम :-

चरकाचार्यांनी श्वासाच्या हेतूंमध्ये रज आणि धूम यांना अग्रस्थान दिले आहे. त्यांच्या जोडीला वात, शीत स्थान, शीत जल आणि विषमाशन आहेत. चिंचोळीसारख्या वसाहतीत ही यादी घेऊन बालकाच्या घरी एकदा जावे, असे आम्ही सुचवितो. आम्हांस पुनःपुन्हा आढळलेले हेतू पुढीलप्रमाणे आहेत.

वस्त्रोद्योगातील कामगार सुताचे तंतू केसांत व कपड्यांत घेऊन घरी येतो, दारातच कपडे झटकतो आणि लगेच बालकास उचलतो. रसायनांच्या कारखान्यात काम करणाऱ्यांच्या कपड्यांना उग्र गंध असतो. सोलापूर शहराच्या पूर्व भागात व कुंभारीकडे विडी वळणाऱ्या माता तंबाखूचे सूप मांडीवर आणि बालक शेजारी ठेवून काम करतात. ज्वारीच्या काढणीनंतर कडब्याची धूळ उडते. याखेरीज चूल, गोवऱ्या, वडिलांची विडी, उदबत्ती आणि रात्रभर जळणारी डासांची कॉइल आहेच. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की, एक कॉइल जळताना बाहेर पडणारे अतिसूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरतात. बंद पत्र्याच्या खोलीत त्याचा परिणाम काय होत असेल, हे सांगावयास नको. सोलापूर शहराचे नाव २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहरांत आहे. बाहेरच्या हवेवर कुटुंबाचा अधिकार चालत नाही, खोलीतील हवेवर चालतो.

येथे धुरीचा प्रश्न उपस्थित होतो. ओवा, शेपा, वावडिंग, लसणाची साल शेगडीवर टाकून न्हाऊ घातलेल्या बाळास धुरी देण्याची प्रथा आपल्याकडे दृढ आहे, आणि काश्यपसंहितेत स्वतंत्र धूपकल्प असल्याने वैद्यही तिला संमती देतात. आमच्या मते धूपनाचे प्रयोजन सूतिकागार, शय्या व वस्त्रे यांचे रक्षण हे होय. ज्या बालकास श्वास आहे, त्याला धूम हा शास्त्रानेच हेतू म्हणून सांगितला आहे. म्हणून धूपन करावयाचेच असल्यास बालक बाहेर नेऊन खोलीस करावे, दारे-खिडक्या उघडून धूर पूर्ण गेल्यावरच बालकास आत आणावे. श्वासी बालकास प्रत्यक्ष धुरी कदापि देऊ नये.

चिकित्सा :-

निदानपरिवर्जन हीच पहिली चिकित्सा. कॉइल बंद करून मच्छरदाणी वापरावी. कामावरून आलेल्याने कपडे बाहेर काढून, अंग धुऊन मगच बालकास घ्यावे. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. विडी घरात ओढू नये. तंबाखूचे काम दुसऱ्या खोलीत वा पडवीत करावे. गोधड्या व उशा कडक उन्हात घालाव्यात.

क्षीरप, क्षीरान्नाद व अन्नाद हा सुश्रुतोक्त भेद चिकित्सेत पाळावा. क्षीरप अवस्थेत मातेचा आहार सुधारावा व स्तनपान अखंड ठेवावे. या वयाच्या श्वासी शिशूस तोंडाने चूर्णे देण्याचा आग्रह धरू नये.

बाह्योपचारांत कोमट तीळतेलात किंचित सैंधव घालून छाती व पाठीस हलका अभ्यंग करावा आणि त्यावर हस्तस्वेद द्यावा. वैद्याने किंवा मातेने आपले तळहात एकमेकांवर घासून वा कापडावर गरम करून ते बालकाच्या छातीवर ठेवणे एवढेच पुरेसे आहे. उकळत्या पाण्याचा वाफारा लहान मुलास देऊ नये. भाजण्याचा धोका लाभापेक्षा मोठा आहे. दोन वर्षांखालील बालकाच्या नाकाजवळ वा छातीवर कापूर, पुदिन्याचे फूल व निलगिरी असलेले द्रव्य लावू नये. कापूर पोटात गेल्यास आचके येतात.

एक वर्षावरील, सौम्य लक्षणांच्या व वर सांगितलेली धोक्याची चिन्हे नसलेल्या बालकास पुढील कल्प उपयुक्त ठरतात. मुस्ता, पिंपळी, अतिविष व काकडशिंगी यांचे बालचतुर्भद्र चूर्ण कास, ज्वर व अतिसार एकत्र असताना योजावे. शुष्क कास व अरुची असता सितोपलादि चूर्ण द्यावे. १ ते ३ वर्षांच्या बालकास यांपैकी एक चूर्ण २५० मिलिग्रॅम, दिवसातून दोन वेळा, आठवडाभर देऊन पुनर्परीक्षण करावे. आहारात मुगाचे कढण, सुंठ घातलेले कोमट पाणी व मऊ भात असावा. थंड पेये, रात्रीचे दही व केळे वर्ज्य करावे. तीक्ष्ण वमन-विरेचन बालकास देऊ नये.

अनुपानासंबंधी एक सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध देऊ नये. मधात असू शकणारे एका जिवाणूचे बीज प्रौढाच्या आतड्यात वाढत नाही, शिशूच्या आतड्यात वाढून विष निर्माण करते. मलावष्टंभ, चोखण्याची शक्ती कमी होणे व अंग ढिले पडणे ही त्याची चिन्हे आहेत. मधाचे गुण ग्रंथोक्त असले तरी हे ज्ञान आता उपलब्ध आहे व त्याप्रमाणे वर्तन करणे वैद्याचे कर्तव्य आहे. अनुपान म्हणून स्तन्य किंवा खडीसाखरेचे कोमट पाणी घ्यावे.

श्वासकुठार रसासारखे वत्सनाभ, मनःशिला व पारदयुक्त कल्प लहान बालकांत योजू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. बालरोगतज्ज्ञाने श्वासाचा पंप सुरू केला असल्यास तो आपल्या औषधासाठी बंद करावयास सांगू नये. ‘पंपाची सवय लागते’ हा समज निराधार असून त्यामुळे बालके मध्यरात्री संकटात सापडतात.

फलश्रुतीविषयी :-

अमेरिकेतील टक्सन येथे १९८० पासून जन्मलेल्या बालकांचा दीर्घ अभ्यास झाला व त्याचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. ८२६ बालकांपैकी सुमारे एक तृतीयांशास पहिल्या तीन वर्षांत श्वासासह आजार झाला होता. त्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांत सहाव्या वर्षी तो उरला नव्हता. मातेस दमा असलेल्या बालकांत तो टिकून राहण्याची शक्यता अधिक होती, आणि मातेचे धूम्रपान लवकर सुरू होणाऱ्या श्वासाशी निगडित होते. याचा अर्थ असा की, वय वाढताच बरे होणाऱ्या बालकाचे श्रेय घेण्याचा मोह प्रत्येक पद्धतीच्या चिकित्सकास होतो.

आमच्या एका अडीच वर्षांच्या रुग्णास दर पंधरा दिवसांनी श्वास लागत असे. वडील मागावर कामाला, खोली एक, रात्री कॉइल, संध्याकाळी धूप. वरील गोष्टी बदलल्या आणि सितोपलादि दिले. पुढील हिवाळ्यात त्यास दोनदाच त्रास झाला. हे यश केवळ चूर्णाचे, असे आम्ही म्हणणार नाही. हवा व वय यांचाही त्यात वाटा आहे. तथापि माता रात्री झोपू लागली, हे खरे.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी :-

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे विषारी डायइथिलीन ग्लायकॉलने दूषित खोकल्याच्या औषधाने बालके दगावली. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील बालकांस खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील बालकांस ती सामान्यतः टाळावीत, अशी सूचना केली. ‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ असे सांगून दुसरी बाटली पुढे करणे हा त्यावरील उपाय नव्हे. बालकाचे वय विचारल्याशिवाय कोणतेही कासहर द्रव औषध देऊ नये.

अतिविष वत्सनाभाच्याच कुळातील, परंतु निर्विष आहे. त्यामुळे भेसळीचा धोका लक्षात घेऊन ते तपासणीच्या दाखल्यासहच खरेदी करावे. सितोपलादीतील वंशलोचन महाग असल्याने त्याच्या जागी कृत्रिम द्रव्य वा पिठूळ तवकीर वापरली जाते, हेही पाहावे. नाव, घटक व परवाना क्रमांक नसलेल्या ‘दम्याच्या पुड्या’ दुकानात ठेवू नयेत. दोन दिवसांत चमत्कार करणाऱ्या अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असते, हे तपासण्यांत अनेकदा निष्पन्न झाले आहे. चेहरा गोल होणे व भूक अतिशय वाढणे ही त्याची चिन्हे होत.

मृगाच्या सुमारास आपल्याकडून पुष्कळ कुटुंबे हैदराबादला दम्यासाठी जिवंत मासा गिळावयास जातात. लहान बालकाच्या घशात जिवंत मासा सोडणे श्वासमार्गाच्या दृष्टीने धोक्याचे आहे, हे त्यांना सौम्य शब्दांत सांगावे. ‘डबा’ म्हणून पोटावर बिब्बा घालणे वा डागणे यापासूनही परावृत्त करावे. मेळघाटात २०२५ च्या आरंभी तान्ह्या बालकास डागल्याची घटना सर्वांनी वृत्तपत्रांत वाचली आहे. डागलेल्या बालकाच्या मातेस रागावल्यास ती पुढच्या वेळी उशिरा येते. तिला बसवून तिच्यासमोर श्वास मोजून दाखवावा.

उपसंहार :-

सारांश, बालश्वासात मोजणे, शोधणे व योजणे हा क्रम सोडू नये. वैद्यबंधू-भगिनींनी या पावसाळ्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात : श्वासगतीचा तक्ता चिकित्सालयात व शेजारच्या औषधालयात लावावा, आणि वारंवार श्वास लागणाऱ्या निदान एका बालकाच्या घरी जाऊन त्याची झोपण्याची जागा पाहावी. तेथे जे आढळेल ते टिपून ठेवावे व संघटनेच्या पुढील बैठकीत मांडावे. एकेका वैद्याच्या अशा नोंदी एकत्र आल्या, तर आपल्या भागातील बालश्वासाचे हेतू कोणते, हे आपणांस अनुभवाने सांगता येईल.